अश्विनी हणमंत या नावाची फाइल

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता मिरजेच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं की मानेतली गाठ कॅन्सरची आहे. मी वीस वर्षांची होते आणि सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. खोलीत माझ्याशिवाय दोघे होते: डॉक्टर आणि माझे थोरले चुलते. फाइलवर चुलत्यांची नोंद ‘वडील’ अशी होती.

हे पुढच्या आठ महिन्यांचं टिपण आहे. ज्या घरात उपचार चालू आहेत, पेशंट कॉलेजात शिकतो आहे आणि आयकर आई किंवा वडील भरतात, त्या घराला यातलं काही उपयोगी पडू शकेल.

वडील कोण

आमचं घर कडेगावजवळ आहे. माझे वडील प्रकाश, घरात नाना, साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. त्यांचे थोरले भाऊ हणमंत यांचं कुपवाडला लेथचं, म्हणजे लोखंडी सुटे भाग कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप आहे. त्यांना नानांसकट सगळे दादा म्हणतात. बारावीनंतर मी दादांच्या घरी राहून शिकले. पण त्याआधीही गळीत हंगामात नाना पाळीवर असले की माझ्या प्रगतिपुस्तकावर रविवारी गावी आलेल्या दादांची सही असायची. हंगाम संपला की नानांची. शाळेनं कधी विचारलं नाही. वर्गातल्या निम्म्या प्रगतिपुस्तकांवर अशाच सह्या होत्या.

गाठ काकूंना सापडली. डोक्याला तेल लावताना त्यांचं बोट माझ्या मानेवर थांबलं. कारखान्याचा बॉयलर त्याच आठवड्यात पेटला होता, म्हणजे हंगाम सुरू झाला होता आणि नानांना सुट्टी नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला मिरजेला दादांनी मोटारसायकलवरून नेलं.

काऊंटरवरच्या अर्जात ‘वडील / पती’ असा रकाना होता. दादांनी तिथं स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. मी शेजारी उभी होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हळू आवाजात सांगितलं, “चुलता म्हणलं की हितं बाकड्यावर बसवून ठिवत्यात. बाप म्हणलं की आत घेत्यात.”

आम्हाला वीस मिनिटांत आत घेतलं. आधार कार्ड गावी होतं. ते नंतर आणून द्या म्हणाले, आणि नंतर कुणी मागितलं नाही. मनगटावर पट्टी आली तिच्यावर नाव होतं, अश्विनी हणमंत.

मी सज्ञान होते. संमतिपत्रावर माझी स्वतःची सही पुरेशी होती आणि सोबतचा माणूस चुलता असता तरी चाललं असतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या दिवसांत मी कॉलेज सुटल्यावर एका दैनिकाच्या सांगली कार्यालयात काम शिकायला जात होते, मानधनाशिवाय. तिथं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की बातमीत नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. माझ्या मनगटावरच्या नावाबद्दल मी आठ महिने काही बोलले नाही.

निदानाचा दिवस

तपासणीचा तुकडा काढल्यानंतर आठ दिवसांनी निदान झालं. डॉक्टर सावकाश बोलले. या प्रकारचा आजार तरुण वयात होतो आणि बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला दुसऱ्या वेळी ऐकू आलं. दादांनी एकच विचारलं, कवा सुरू करायचं. पुढच्या आठवड्यात, डॉक्टर म्हणाले. दादा म्हणाले, “उद्या न्हाई का?”

तिथून आम्ही घरी न जाता वर्कशॉपवर गेलो. दादांनी लेथ सुरू केलं आणि त्याच्यासमोर उभे राहिले. त्याच्यावर काहीच लावलेलं नव्हतं.

नानांना फोन मी केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा हायत न्हवं जवळ? आहेत म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी संपवून ते थेट कुपवाडला आले. अंगाला मळीचा वास होता. दोन तास माझ्या शेजारी बसले, चहा प्यायले आणि पुढच्या पाळीसाठी परत गेले. आई मात्र पिशवी घेऊन आली ती राहिलीच.

खुर्ची चार

केमोथेरपीच्या हॉलमध्ये खिडकीशी चार नंबरची खुर्ची होती. मला बारा वेळा यायचं होतं, दर पंधरा दिवसांनी. पहिल्या वेळी ती खुर्ची योगायोगानं मिळाली. दुसऱ्या वेळेपासून दादा तासभर आधी येऊन तिच्यावर टॉवेल टाकायला लागले.

पाच नंबरवर खंडाळ्याचे एक निवृत्त सुभेदार असायचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, “कितवा डोस?” पहिला म्हटल्यावर म्हणाले, “म्हंजे रिक्रूट. लाळ सुटंल, केस जातील, घर आठवंल. सगळं भरतीसारखंच हाय.” त्यानंतर ते मला दर दोन डोसांनी बढती देत गेले. चौथ्याला मी लान्स नाईक झाले, सहाव्याला नाईक. घरी जाऊन हे मी सांगायचे आणि काकू विचारायच्या, पगार कधी वाढणार.

पहिल्या डोसाआधी दादांनी वर्कशॉपमधला कॅलिपर आणला. एरवी त्यानं ते शाफ्टची जाडी बघतात. त्यांनी तो स्पिरिटनं दोनदा पुसला, माझ्या मानेला लावला आणि आकडा वर्कशॉपच्या वहीत लिहिला: एकतीस मिलिमीटर. आईला हे आवडलं नाही. दुसऱ्या डोसाआधी आकडा एकोणीस होता. दादांनी कॅलिपर काढून परत लावला. एकोणीसच. त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावलं, शेजारच्या वर्कशॉपच्या मालकाला फोन लावला आणि मशीनच्या भाषेत सांगितलं की बारा मिलिमीटर मटेरियल निघालं. तिसऱ्या डोसाआधी कॅलिपरला धरायला काही उरलं नव्हतं. वहीत त्या तारखेपुढं दादांनी आकडा न लिहिता नुसती रेघ मारली आहे.

बाकीचं सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. तोंडाला लोखंडासारखी चव आली. केस तिसऱ्या आठवड्यात गेले. आई आणि काकू एका ओट्यावर आल्या आणि मीठ किती घालायचं यावरून दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी दोघींनी वेगवेगळी आंबील केली. मी दोन्ही प्यायले आणि दोन्ही उलटून पडल्या, तेव्हा त्या एकदम हसल्या. भीती मला डोसाच्या दिवशी वाटायची नाही. ती आदल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत वाटायची, कारण पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डोस पुढं जायचा. तसं दोनदा झालं.

चौथ्या डोसानंतर, जानेवारीच्या शेवटी, पहिला मोठा स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये ‘सक्रिय आजार दिसत नाही’ असं वाक्य होतं. डॉक्टर म्हणाले, उरलेले आठ डोस पूर्ण करायचेच, पण ही फार चांगली बातमी आहे. मी हॉस्पिटलच्या जिन्यावरूनच नानांना फोन लावला. मागं कारखान्याचा आवाज होता. त्यांनी ते वाक्य मला तीन वेळा वाचायला लावलं. मग म्हणाले, सगळ्यात वरपासून वाच. मी वाचलं: पेशंटचं नाव, अश्विनी हणमंत.

“बरं,” नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

कराड

शेवटचा डोस मेच्या मध्यावर झाला. सुभेदारांनी मधल्या पायऱ्या सोडून मला एकदम कॅप्टन केलं. मी परीक्षा दिली. कारखाना कधीच बंद झाला होता आणि शेवटच्या तीन डोसांना नाना माझ्या उशाला होते.

जूनमध्ये त्यांनी मला कराडला त्यांच्या कर सल्लागार मॅडमकडे नेलं. हॉस्पिटलची सगळी बिलं नानांनी कारखान्यात बसून स्वतःच्या खात्यातून भरली होती. कारखान्याचा विमा फक्त कामगारापुरता होता. मॅडमनी आधी मला विचारलं, तू कमावतेस का? नाही म्हटलं. मग बरोबर, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी समजावून सांगितलं ते असं. ठरावीक गंभीर आजारांसाठी, त्यात कॅन्सर येतो, अवलंबून असलेल्या मुलांवर केलेल्या खर्चाची वजावट आई-वडिलांना मिळते. कलम ८०डीडीबी. साठ वर्षांखालच्या पेशंटसाठी कमाल चाळीस हजार, विम्यातून काही मिळालं असेल तर ते वजा करून. मूल सज्ञान असलं तरी चालतं, ते मुख्यतः आई-वडिलांवर अवलंबून असलं पाहिजे. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. जुनी निवडावी लागते आणि तीही मुदतीच्या आत रिटर्न भरलं तरच. मुदत ३१ जुलै. बिलांइतकाच महत्त्वाचा त्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टरांचा कागद. त्यावर पेशंटचं नाव, वय, आजार आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.

नानांनी फाइल पुढं केली. मॅडमनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि विचारलं, “हणमंत कोण?”

नानांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आकडा भरताना कुणी कागद मागणार नाही, पण उद्या विचारणा झाली तर हे कागद दुसऱ्याच माणसाच्या मुलीचे दिसतात. नाव दुरुस्त करून डॉक्टरांचा कागद आणा. मूळ कागद बघितल्याशिवाय मी भरत नसते.

जुन्या पद्धतीनं किती कर वाचणार, हे त्यांनी सांगितलं. उपचारांच्या खर्चापुढं ती रक्कम लहान होती. कराडच्या स्टँडवर मी नानांना म्हटलं की एवढ्यासाठी धावपळ नको. ते बाकड्यावर बसले. फाइल त्यांच्या मांडीवर होती.

“पैशाचं सोड,” ते म्हणाले. “नऊ डोस झालं, मी तुझ्याजवळ न्हवतो. मी साखर शिजवीत हुतो. निदान कागदावर तरी मी बाप हाय का न्हाई, एवढं मला बघायचंय.”

गुण आलेलं नाव

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात सांगितलं की नाव दुरुस्त होईल, पण ज्यांनी सही केली त्यांनीच लेखी द्यायला हवं. म्हणजे दादांनी.

दादा नाही म्हणाले. नाना दोनदा कुपवाडला येऊन बोलले. मला वाटलं दादांना खोट्या सहीची भीती आहे. तसं नव्हतं. त्यांनी काकूंसमोर, आईसमोर आणि माझ्यासमोर सरळ सांगितलं, “ह्या नावावर पोरीला गुण आलाय. औषध ह्या नावानं चढलंय, गाठ ह्या नावानं गेलीया. शेवटचा स्कॅन होईस्तोवर त्या कागदाला कुणी हात लावायचा न्हाई. त्यो साफ आला की काय पायजे ते लिवून देतो.”

“आवं दादा, तवर मुदत जाईल,” नाना म्हणाले.

“जाऊंदे की. पोरगी जायापरास मुदत गेलेली बरी.”

आई दादांच्या बाजूनं होती. काकूही. नाना एकटे पडले. ते उठले आणि चहा न घेता गेले. भावांचं बोलणं जवळजवळ एक महिना बंद राहिलं.

माझ्याबद्दलही खरं लिहायला हवं. नावानं औषध चढत नाही हे मला माहीत होतं. तरी मीही दादांना आग्रह केला नाही. बारापैकी बाराही डोस मी चार नंबरच्या खुर्चीत घेतले होते. नवव्या वेळी तिथं दुसरं कुणी बसलं होतं, तेव्हा मी दीड तास उभी राहिले होते.

घाट

शेवटच्या स्कॅनची तारीख या भांडणानंतर मिळाली, २१ जुलै. मुदतीला दहा दिवस होते. नानांनी मोजून ठेवलं होतं की ते पुरतात.

या स्कॅनआधी एक इंजेक्शन देतात. ते औषध सकाळी पुण्याहून गाडीनं येतं आणि त्याचा जोर तासातासाला कमी होत जातो. त्या दिवशी गाडी खंबाटकी घाटात अडकली. मी उपाशी, हातात सुई लावलेली, साडेसात वाजल्यापासून बसले होते. साडेअकराला सांगण्यात आलं की औषध पोचलं तरी उपयोगाचं राहणार नाही. पुढची तारीख मिळाली २८ जुलै.

हॉलच्या एका टोकाला नाना बसले होते आणि दुसऱ्या टोकाला दादा. मी दोघांकडे जाऊन वेगवेगळी तारीख सांगितली. पाच नंबरच्या सुभेदारांनी हे बघितलं. ते त्या दिवशी तपासणीला आले होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, दोघांत बाप कोण? मी सांगितलं. “मग दुसरा का रडतोय?” ते म्हणाले. मी वळून बघितलं तर दादा भिंतीकडे तोंड करून रुमालानं चष्मा पुसत होते. दादांना चष्मा नाही लागत, तो नानांचा होता. सकाळी गडबडीत काऊंटरवर राहिलेला. तो त्यांनी पुसून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, दे तुज्या बापाला.

तीन दिवस

२८ जुलैला गाडी वेळेवर आली. स्कॅन झाला.

२९ ला रिपोर्ट आला नाही. आम्ही पाच वाजेपर्यंत बसलो.

३० ला सकाळी अकरा वाजता रिपोर्ट आला. पाकीट मी फोडलं. शेवटच्या परिच्छेदात जानेवारीचंच वाक्य होतं: सक्रिय आजार दिसत नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. आई खाली बसली. काकूंनी तिला उठवलं आणि त्याही बसल्या. नानांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. दादांनी त्यांचं वाचून होण्याची वाट बघितली नाही. ते रेकॉर्ड विभागाच्या खिडकीकडे निघाले होते. चालता चालताच त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

त्यांनी उभ्यानं अर्ज लिहिला. तो मी वाचला आहे. “मी पेशंटचा सख्खा चुलता आहे. दाखल करताना वडील म्हणून सही केली ती मीच. पोरीला उशीर होऊ नये म्हणून केली. तिच्या वडिलांचे नाव प्रकाश आहे, ते सोबत हजर आहेत.” खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की कारण लिहायची गरज नव्हती. असूंदे, दादा म्हणाले.

मग त्यांनी अर्ज नानांच्या हातात दिला. “घे. आता तूच बाप.”

“आवं, आदी बी मीच हुतो,” नाना म्हणाले.

“मग न्हाई कोण म्हणतंय,” दादा म्हणाले. महिन्यानंतरचं दोघांचं हे पहिलं बोलणं.

फाइलवरचं नाव दुपारी बदललं. पण कागद देणारे डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी होते. ते ३१ ला सकाळी दहाला येणार होते.

३१ ला आम्ही नऊलाच त्यांच्या दारात होतो. डॉक्टर पावणेअकराला आले. त्यांनी जुनी आणि नवी दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि विचारलं, इतके दिवस मी कुणावर उपचार करत होतो? दादांनी हात वर केला. डॉक्टर हसले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सही-शिक्क्याचा कागद माझ्या हातात होता. त्यावर लिहिलं होतं, अश्विनी प्रकाश, वय एकवीस.

दादांनी वर्कशॉपची मालाची गाडी आणली होती. पुढं दादा, नाना आणि मधे मी. आई आणि काकू एस.टी.नं घरी गेल्या. इस्लामपूरच्या पुढं उसाच्या बैलगाड्या नव्हत्या, हंगाम नव्हता, रस्ता मोकळा होता. तरी नाना दर दहा मिनिटांनी किती वाजले ते सांगत होते. दादा म्हणाले, “तुजं घड्याळ बाहीर टाकीन मी.” मी दोघांच्या मधे बसून तो कागद छातीशी धरला होता आणि मला इतकं हसू येत होतं की पोट दुखायला लागलं. गेल्या आठ महिन्यांत पोट दुखण्याचं हे पहिलं कारण होतं जे मी कुणाला सांगितलं नाही.

कराडला आम्ही पावणेदोनला पोचलो. मॅडमच्या ऑफिसात बारा-तेरा लोक आधीचे होते. आमचा नंबर चारला आला. मॅडमनी मूळ कागद हातात घेऊन वाचला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, हणमंत कोण ते आले आहेत का? दादा दारात उभे होते, ते आत आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. इंटरनेट दोनदा तुटलं. नानांच्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा पहिल्या वेळी वेळेत भरला गेला नाही. दुसऱ्या वेळी नानांनी फोन दादांकडे दिला, दादांनी आकडे मोठ्यानं वाचले आणि मी ते टाइप केले.

रिटर्न संध्याकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी दाखल झालं. पडताळणी सहा वाजून चार मिनिटांनी झाली. परतावा सप्टेंबरमध्ये नानांच्या खात्यात जमा झाला.

ऑक्टोबरमध्ये मी तपासणीला गेले. आता मी साताऱ्याला एका दैनिकात नोकरी करते, त्यामुळे यंदापासून मी कुणावर अवलंबून नाही. रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. सुभेदारांचे उपचार चालू होते आणि ते पाच नंबरवरच होते. फाइलसाठी नवं कार्ड करायचं होतं. ते नानांनी भरलं. पेशंटचं नाव: अश्विनी प्रकाश. वडील: प्रकाश. ‘तातडीचा संपर्क’ या ओळीत दादांचा नंबर आहे आणि त्यापुढच्या नात्याच्या रकान्यात नानांच्या अक्षरात ‘चुलता’ असं लिहिलेलं आहे.